तुटलेल्या मज्जातंतूसाठी नळी: कुठे चालते, कुठे अडते

हाताच्या तुटलेल्या मज्जातंतूची टोकं नुसती ओढून शिवली तर काय बिघडतं, असा प्रश्न आहे. बिघडतं ते ताणामुळे. ताण पडला की तंतूतला रक्तपुरवठा मंदावतो आणि टाक्याजवळ व्रण धरतो. म्हणून मध्ये अंतर उरलं तर कोलॅजनची (शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्रथिनाची) नळी वापरता येते.

नळीचा आतला व्यास मज्जातंतूपेक्षा किंचित मोठा हवा, नाहीतर सूज आल्यावर तंतू आवळला जातो. (सिलिकॉनच्या नळ्या तर विरघळतही नाहीत, त्रास झाला की पुन्हा ऑपरेशन करून काढाव्या लागतात.) सूक्ष्मदर्शकाखाली टोकं निरोगी भाग दिसेपर्यंत छाटायची, प्रत्येक टोक साधारण २ मिमी आत ओढायचं, ९-० नायलॉनचा (केसाहून बारीक दोऱ्याचा) टाका तंतूच्या फक्त बाहेरच्या आवरणातून घ्यायचा. मग नळी सलाइनने भरायची. आत रक्ताची गुठळी राहिली तर वाट तिथेच अडते.

नळीत आधी फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा) दोर तयार होतो, त्यावरून श्वान पेशी (Schwann cells, मज्जातंतूला आवरण देणाऱ्या पेशी) सरकतात आणि त्यांच्या आधाराने अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारे चेतापेशींचे लांब धागे. अंतर वाढलं की हा दोर मध्येच बारीक होऊन तुटतो. म्हणून ३ सेंमी ही कमाल मर्यादा मानतात. स्नायूंकडे जाणाऱ्या मोठ्या तंतूत मात्र त्याहून कमी अंतरालाही पोटरीतला सुरल मज्जातंतू काढून जोडणंच मला खात्रीचं वाटतं.

अक्षतंतूंची वाढ दिवसाला जेमतेम १ मिमी. कोपराच्या वर इजा असेल तर पंजाच्या स्नायूंपर्यंत पोहोचायला वर्ष उलटतं, आणि १२ ते १८ महिने संदेशाविना राहिलेला स्नायू सहसा पुन्हा जोडणी स्वीकारत नाही. त्यामुळे ‘थोडं थांबून बघू’ हा सल्ला स्वच्छ कापलेल्या जखमेत कृपया देऊ नका.