मदत हवी आहे: २०२४ च्या पॉप अल्बमच्या यादीत मराठी काय घेऊ?

नमस्कार मंडळी, २०२४ मधल्या माझ्या आवडत्या पॉप अल्बमची यादी करतेय. नेरुळ-ठाणे लोकलमध्ये मी अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलगच ऐकते.

पहिला नंबर बिली आयलिशच्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'चा. दहाच गाणी, पण एरवी कुजबुजणारा तिचा आवाज 'बर्ड्स ऑफ अ फेदर'च्या शेवटी काय मोकळा सुटतो! मग चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट'. कोल्डप्लेचा 'मून म्युझिक' मात्र काढावा म्हणतेय. जानेवारी २०२५ मध्ये ते आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाऊन गेले, तरीही.

त्या जागी मराठी अल्बम हवाय. सुटी गाणी बरीच सापडतात, सलग ऐकावा असा अल्बम सापडत नाही. २०२४ मधलाच, सिनेमाचा नसलेला. तुम्ही कोणता ऐकलात? त्यातलं आवडतं गाणंही सांगा ना.