पेट्रिकॉर की पेट्रिचोर? आणि ‘मृद्गंध’ म्हणजे तेच का?

वळवाची पहिली सर येऊन गेली की आमच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासासाठीचा हा इंग्रजी शब्द टाकतंच. स्पेलिंग पी-ई-टी-आर-आय-सी-एच-ओ-आर. निम्मे जण ‘पेट्रिचोर’ म्हणतात, निम्मे ‘पेट्रिकोर’. खरा उच्चार कोणता? आणि मराठीत ‘मृद्गंध’ म्हटलं की काम भागतं का?

प्रतिसाद १
उच्चार पेट्रिकॉर. यातला सीएच ग्रीकमधून आलेला आहे, म्हणून ‘च’ नाही, ‘क’. केमिस्ट्री, कोरस, एको यांतही तोच.

घटक ग्रीक असले तरी शब्द प्राचीन नाही. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी तो १९६४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या लेखात घडवला. कोरड्या पडलेल्या खडकांतून आणि मातीतून त्यांनी वाफेच्या साहाय्याने एक पिवळसर तेल काढलं आणि त्या तेलाला हे नाव दिलं. म्हणजे मुळात हे वासाचं नाव नव्हतं, वासामागच्या पदार्थाचं होतं. ‘पेट्रा’ म्हणजे खडक. पेट्रोलियम, म्हणजे खडकातलं तेल, यात तोच आहे. ‘आयकॉर’ म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतून रक्ताऐवजी वाहणारा द्रव. ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात डायोमिडीज या योद्ध्याच्या भाल्याने ॲफ्रोडाइटी ही देवी जखमी होते, तेव्हा हाच द्रव वाहतो. (पुढे वैद्यकात जखमेतून झिरपणाऱ्या पातळ, घाण स्रावालाही आयकॉर म्हणू लागले. कुठला शब्द कुठे जाऊन पोचतो!) एकूण अर्थ झाला ‘खडकाचं दैवी रक्त’. मला ही कल्पना फार आवडते.

त्याच लेखात आपल्याकडच्या ‘मिट्टी का अत्तर’चा उल्लेख आहे. कनौजला आजही ते करतात: भाजलेली माती पाण्यासह तांब्याच्या देगीत तापवायची आणि वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची.

प्रतिसाद २
सुरेख माहिती. पण मग पेट्रिकॉरमध्ये ना माती आहे, ना गंध! शब्दशः ‘मृद्गंध’ शोधायचा तर तो ‘जिओस्मिन’मध्ये सापडतो. ‘जी’ म्हणजे पृथ्वी, ‘ऑस्मे’ म्हणजे वास. मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जीवाणू हे रसायन तयार करतात आणि त्याचं नाव १९६५चं. पावसाच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. बीट मातकट लागतं तेही त्याच्यामुळेच.

प्रतिसाद १
अगदी बरोबर. तरी व्यवहारात पेट्रिकॉरला मृद्गंध म्हणायला माझी हरकत नाही, कारण दोन्ही शब्द ऐकून मनात येतं ते एकच. फक्त इंग्रजी शब्दात एक अट दडलेली आहे: जमीन आधी बराच काळ कोरडी हवी. वळवाला, मृगाच्या पहिल्या सरीला पेट्रिकॉर म्हणा. श्रावणात चार दिवस झड लागलेली असताना येणाऱ्या ओल्या वासाला तो शब्द लावू नये. ‘मृद्गंध’ला अशी अट नाही, आणि मला ती आपल्या शब्दाची श्रीमंती वाटते.

प्रतिसाद ३
कळकळीची विनंती, तो शब्द तरी नीट लिहूया. ‘मृदगंध’ नव्हे आणि ‘मृदुगंध’ तर नव्हेच. मृद् म्हणजे माती आणि मृदू म्हणजे मऊ. मृद् + गंध = मृद्गंध, द ला ग जोडून. तोच मृद् ‘मय’ला भेटला की मृण्मय होतो. जोडाक्षर नीट उमटत नसेल, तर द चा पाय मोडून लिहा.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. आई मात्र अंगणात उभी राहून एवढंच म्हणते, “मातीचा वास सुटला गं.” ‘सुटला’ हे क्रियापद इंग्रजीत कसं न्यायचं?

प्रतिसाद २
नेता येईल असं वाटत नाही. वास ‘येतो’, ‘मारतो’, ‘दरवळतो’ आणि ‘सुटतो’. सुटतो तो आतापर्यंत कुठेतरी धरून ठेवलेला असतो. २०१५मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं ते असं: थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटतो, खाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार हवेत उडतात. वास सुटतो तो अक्षरशः असा.