नवे कोर्स भारंभार, काउन्सेलर मात्र तीन आठवड्यांनी

निळी शाई (धागाकर्ती)

आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या कम्युनिटी कॉलेजचं पुढच्या सत्राचं वेळापत्रक आलं. कॉलेजचं नाव घेत नाही, घरचंच आहे. मी स्वतः तिथून चाळिशीत अकाउंटिंग केलं, आता मुलगा जातो. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत नवे कोर्स: जनरेटिव्ह एआयची ओळख, व्यवसायासाठी एआय, एआयची नीतिमत्ता, आणखी दोन-तीन सर्टिफिकेटं. ऑगस्ट २०२५मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी गूगल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि अडोबीशी करार केले, त्यात कम्युनिटी कॉलेजंही होती. त्यानंतर हे येणार हे दिसतच होतं.

माझं दुखणं वेगळं आहे. मुलाला दोन वर्षं इथे काढून पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसीत) जायचंय. भारतातल्या वाचकांसाठी सांगते: डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात ना, साधारण तसंच, फक्त इथे तिसऱ्या वर्षाला. गणित कुठलं घ्यायचं हे विचारायला त्यानं काउन्सेलरची वेळ मागितली. मिळाली तीन आठवड्यांनंतरची. नावनोंदणी पाच दिवसांवर. मग मित्राला विचारून बिझनेस कॅल्क्युलस घेतलं. सत्र संपताना कळलं, त्याला हव्या त्या शाखेला रेग्युलर कॅल्क्युलसच लागतं. युनिट (क्रेडिट) मिळाले, अट काही पुरी झाली नाही. एक सत्र पाण्यात.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन वर्षं एकही नवा कोर्स काढू नका. त्या पैशात मुलांशी बोलणारी माणसं नेमा. तुम्हाला काय वाटतं?

तर्कट

अजिबात पटलं नाही. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कुठल्या शाखेला चालतो, हे असिस्ट डॉट ऑर्गवर फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम. एकोणीस वर्षांच्या मुलाला तेवढं करता येत नसेल तर काउन्सेलर काय करणार? फी किती, तर सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर. २०१२च्या उन्हाळ्यापासून एका सेंटनं वाढलेली नाही. या पैशात सोबतीला माणूसही हवा?

आणि एआयच्या कोर्सला नाकं मुरडू नका. लेऑफनंतर मी अशाच एका संध्याकाळच्या वर्गात बसलो होतो. वर्गात निम्मे लोक चाळिशीपुढचे. कम्युनिटी कॉलेज फक्त ट्रान्सफरवाल्या पोरांसाठी नाही.

निळी शाई

तर्कट, असिस्ट त्यानं उघडलं होतं. ते वाचायचं कसं हेच कळायला हवं ना! त्यात भर म्हणून २०२५च्या फॉलपासून सगळ्या कॉलेजांत सामायिक क्रमांक यायला लागले. इंग्रजीच्या जुन्या १ए चं एका रात्रीत सी १००० झालं. सिनियर मुलं सांगतात एक नंबर, वेळापत्रकात दुसरा. पुण्यात कॅपच्या फेऱ्यांचा ऑप्शन फॉर्म भरून द्यायला लोक पैसे घेतात आणि आईबाप मुकाट देतात. तिथेही सगळी माहिती फुकटच असते की.

उंटावरचा शहाणा

मुळात मुलाला तिथे घालायचंच कशाला? चार वर्षांच्या कॉलेजात टाकलं असतं तर हा धागाच निघाला नसता. शेवटी ते कम्युनिटी कॉलेज. कोणालाही प्रवेश.

पाटपाणी

आला, हा प्रतिसाद आलाच. म्हटलं अजून कसा नाही!

शहाणेसाहेब, "कोणालाही प्रवेश" हे गळतं छप्पर नव्हे, पायाच तो आहे. कॅलिफोर्नियाच्या १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये ठरलं होतं: हायस्कूलमधली वरची साडेबारा टक्के मुलं यूसीकडे, वरची एक तृतीयांश स्टेट विद्यापीठांकडे, आणि ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. आयफोनवाल्या अॅपलचा एक संस्थापक, वॉझ्निअॅक, क्युपर्टिनोच्या डी अँझात शिकलाय. लग्नाच्या स्थळासारखं कॉलेज बघायचं आपण कधी सोडणार?

उंटावरचा शहाणा

एका वॉझ्निअॅकवर किती वर्षं भागवणार?

फ्रीवेवरचा मास्तर

मी दोन कॉलेजांत अर्धवेळ शिकवतो. अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकाच बोर्डाखालच्या कॉलेजांत, पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. म्हणून मंगळवारी एका गावात, बुधवारी दुसऱ्या. आमच्या जमातीला फ्रीवे फ्लायर म्हणतात, नाव तिथूनच उचललंय.

निळी शाई, तुमचा राग रास्त आहे, उपाय चुकलाय. एआयचा कोर्स बंद केला म्हणून काउन्सेलर येत नाही. कॉलेजचा पैसा एका डब्यात नसतो. आपल्या आज्या कशा दुधाचे, किराणाचे, लग्नाचे पैसे वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून ठेवायच्या, तसं. बराचसा निधी राज्याकडून "अमुक कामासाठीच" असा शिक्का मारून येतो. फुकट पाठ्यपुस्तकांच्या योजनेला २०२१च्या अर्थसंकल्पात ११.५ कोटी डॉलर आले. त्यातून काउन्सेलरचा पगार देता येत नाही.

खरी मेख पुढेच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. राज्यात एक जुना ५० टक्क्यांचा कायदा आहे. डिस्ट्रिक्टनं शैक्षणिक खर्चातला निदान अर्धा वाटा वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर घालायचा. हेतू चांगला होता, साहेबलोकांची खोगीरभरती होऊ नये. पण काउन्सेलर आणि ग्रंथपाल "वर्गात शिकवणारे" धरत नाहीत. म्हणजे काउन्सेलर नेमला की हिशेबात तो कारकून, पार्किंगचा शिपाई आणि डीन यांच्या पंक्तीला बसतो. आकडा ५० च्या खाली घसरायला लागला की पहिली गदा अशाच जागांवर. कोर्स काढला, वर्ग भरला, की आकडा वर. कॉलेज काय निवडणार ते सांगा.

जाता जाता पालकांना एक. नव्या कोर्सवर मुलांना उड्या मारू देऊ नका. कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीनं मंजूर केला म्हणजे यूसी तो धरेलच असं नाही. यूसीची वेगळी तपासणी असते आणि ती रोज होत नाही, वर्षाचं चक्र असतं. "यूसी ट्रान्सफरेबल" लिहिलंय का ते आधी बघा.

तर्कट

वा, मास्तर. म्हणजे दोष कायद्याचा, कॉलेजचा नाही. मी तेच म्हणतोय.

फ्रीवेवरचा मास्तर

तेच म्हणत नाही आहात. तुम्ही म्हणताय काउन्सेलर लागतच नाही. मी म्हणतोय लागतो, पण नेमता येत नाही. दोन्हींत सॅन फ्रान्सिस्को ते फ्रेस्नो एवढं अंतर आहे.

कोकणकडा

कडू बोलतो. काउन्सेलरची रांग वाढवलीय ती आपल्याच लोकांनी. क्युपर्टिनो, फ्रीमाँट, डब्लिन कुठेही बघा, नववी-दहावीतली पोरं ड्युअल एन्‍रोलमेंटच्या नावाखाली कॉलेजचे विषय घेतात, कारण ११ युनिटपर्यंत ट्यूशन फी माफ आणि अर्जात शोभा. शेजारच्या घरी मागच्या उन्हाळ्यात तीन विषय घेतले. मुलगी झोपेतून उठली की वर्ग, वर्ग संपला की रडारड. एका विषयात सी आला. तो आता तिच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा. पंधराव्या वर्षी मिळालेला सी! आणि जी बाई दिवसभर वॉलमार्टमध्ये उभी राहून संध्याकाळी शिकायला येते तिला जागा नाही.

तर्कट

चूक. हायस्कूलच्या मुलांची नावनोंदणी सगळ्यांत शेवटी उघडते. वॉलमार्टवालीची जागा ती खात नाहीत, उरलेली खातात. सीबद्दल सहमत. आमच्या घरी याच विषयावर दोन दिवस अबोला होता, जास्त सांगत नाही.

फ्रीवेवरचा मास्तर

जागा कोण खातं ते मी सांगतो. भुतं. ऑनलाइन वर्गाची यादी पस्तीसची, पहिल्या आठवड्यात "ओळख करून द्या" म्हटलं की बारा उत्तरं एकाच वळणाची. आर्थिक मदतीचे पैसे लाटण्यासाठी टोळ्या चोरलेल्या ओळखींवर खोटे विद्यार्थी भरतात. आम्ही त्यांना घोस्ट स्टुडंट म्हणतो. मागच्या सत्रात पहिले दोन आठवडे मी शिकवत नव्हतो, भुतं उतरवत होतो. त्यांना काढेपर्यंत खरा विद्यार्थी प्रतीक्षायादीतून कंटाळून गेलेला असतो. एवढे एआयचे कोर्स काढताय तर त्यातला एखादा आम्हा मास्तरांना द्या, पलीकडे माणूस आहे का हे ओळखायचा.

पाटपाणी

विद्यार्थ्यांच्या सोयी म्हटल्यावर सगळे काउन्सेलरवर घसरलेत. मी आठवड्यातून एक दिवस एका कॉलेजच्या फूड पँट्रीत काम करते. राज्याच्या कायद्यानं जुलै २०२२पर्यंत प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर उघडणं भाग होतं. तिथे तांदूळ, डाळ, अंडी, सॅनिटरी पॅड, लॅपटॉप उसना, घर नसेल तर कुठे जायचं त्याची माहिती. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा रोज सकाळी सात वाजता दारात. वाटलं, अभ्यासू दिसतोय. तो गाडीत झोपत होता. अशा मुलाला जनरेटिव्ह एआयही नको आणि असिस्ट डॉट ऑर्गही नको, आधी अंघोळ हवी असते.

तर्कट

ताई, आदर आहे. पण पँट्रीसमोर टेस्लातून उतरून फुकट दुधाचे कॅन नेणारी मुलंही मी पाहिलीत. उत्पन्नाचा दाखला न मागता वाटलं की असंच होणार.

पाटपाणी

दाखला मागितला की खरा भुकेला पहिला पळतो. माझे सासरे पुण्यात वार लावून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. जेवण आठवत नाही म्हणायचे, वाढताना घरातले काय बोलले ते आठवतं. एका घरी "आमच्याकडचा वार" अशीच त्यांची ओळख करून द्यायचे. गुरुवारी त्या घरी जायच्याऐवजी ते उपास सांगायचे. पुढे अच्युतराव आपट्यांनी १९५५मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, तिचं मोल मला त्यांच्या या एका गोष्टीनं कळलं. राहायचं, जेवायचं, पण कोणाच्या दारात उभं न राहता, आणि स्वतःही काम करत. कर्मवीरांच्या "कमवा आणि शिका"तही तेच.

टेस्लावाला दूध नेतो तर नेऊ दे. त्याच्यामुळे रांगेत उभं राहायची लाज निम्मी होते.

कोकणकडा

पाटपाणी, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

उंटावरचा शहाणा

पण हे सगळं कॉलेजनं करायचं? मग शिकवणार कधी? २०१७च्या त्या एबी ७०५ कायद्यानं गणिताचे खालचे वर्गही जवळजवळ बंद केले. अपूर्णांक न येणारी पोरं थेट कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्सला बसतात म्हणे.

फ्रीवेवरचा मास्तर

शहाणेसाहेब, आज पहिल्यांदा मुद्द्याला हात घातलात. मी याच विषयावर कायद्याच्या बाजूने होतो, अजूनही आहे. पूर्वी पातळी ठरवायची परीक्षा घेऊन मुलांना खालच्या वर्गात ढकलायचे, खालून वर यायला दीड-दोन वर्षं, आणि बहुतेक त्या जिन्यातच बसून राहायची. पहिल्या पायरीवरचे फार थोडे शेवटच्या पायरीला दिसायचे. ते थांबवलं हे बरंच केलं. पण जिना काढलात तर हात द्यायला माणूस ठेवा! आमच्याकडे ट्यूटरिंग सेंटर संध्याकाळी सहाला बंद होतं आणि माझा गणिताचा वर्ग साडेसहाला सुरू होतो. दोन वर्षं लिहून देतोय. उत्तर येतं, ऑनलाइन ट्यूटरिंग चोवीस तास उपलब्ध आहे.

म्हणून निळी शाई, तुमच्या "नवा कोर्स नको"ला विरोध असला तरी मागणी माझीही तीच आहे. फक्त ती कॉलेजच्या ऑफिसात नेऊन उपयोग नाही. बोर्ड ऑफ ट्रस्टीजच्या बैठकीत न्या. ते निवडून आलेले असतात, बैठक लोकांना खुली असते, आणि बोलायला काही मिनिटं कोणालाही मिळतात. मी तीन वेळा बोललोय. मराठी माणूस खुर्च्यांवर एकदाही दिसला नाही. गणपतीच्या हॉलला मात्र पार्किंग मिळत नाही.

निळी शाई

हे लागलं. जाईन. तीन मिनिटांत काय बोलायचं ते इथेच टाकते लिहून, सुधारून द्या.

एक कबूल करते. "दोन वर्षं एकही नवा कोर्स नको" हे रागात लिहिलं होतं. मी केलेलं अकाउंटिंगचं सर्टिफिकेटही तेव्हा नवंच होतं. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, आठ वर्षं घरी होते. २०१५मध्ये आमच्यासाठी ईएडी (कामाचा परवाना) सुरू झालं तेव्हा हातात दाखवायला काही नव्हतं, फक्त जुनी पुणे विद्यापीठाची बीकॉम. पण मला रस्ता दाखवला तो कोर्सनं नव्हे. काउन्सेलिंगच्या टेबलावर एक फिलिपिनो बाई होती. तिनं माझी मार्कशीट उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, यातले चार विषय तुला पुन्हा करायची गरज नाही. ती निवृत्त झाली. तिची जागा अजून भरलेली नाही.

तर्कट

शाई, राहू दे तो वाद. मुलाचं कॉलेज, शाखा आणि आत्तापर्यंत झालेले विषय व्यनि करा. नवे नंबर-जुने नंबर लावून मी असिस्टवरून तक्ता करून देतो. शनिवारी सकाळी फोनवर बोलू त्याच्याशी, पाऊण तास लागेल.

निळी शाई

व्यनि केलाय. शनिवारी दहानंतर चालेल का? त्याआधी तो उठत नाही.