पेव्हर ब्लॉक की शोषखड्डे?

नवा_सदस्य: ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आलोय. १५ व्या वित्त आयोगातून, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या निधीतून, सरपंचांना वेशीपर्यंत पेव्हर ब्लॉक हवेत. आमच्या आळीत मात्र न्हाणीचं पाणी रस्त्यावर, डास एवढे की संध्याकाळी ओसरीवर बसवत नाही. गटारासाठी आग्रह धरू का?

जुना_सदस्य: गटार नको रे बाबा! आम्ही बांधलं, ते पहिल्याच वर्षी तुंबलं आणि सगळी घाण ओढ्यात. घरोघरी शोषखड्डा माग. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं तेच केलं. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधे वरच्या बाजूला भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून मुरतं. गाळ मात्र काढत राहायचा, हे कुणी सांगत नाही. रोजगार हमीतूनही होतं. आणि १५ व्या आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच राखलेला असतो, त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. पेव्हर ब्लॉक त्यात बसत नाहीत.

माळावरची: काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही हो. आधी एक खड्डा करून बघा.

नवा_सदस्य: आमच्याकडे मुरूमच आहे. पहिला खड्डा माझ्याच परसात. गावाचा विकास आराखडा उद्याच मागतो ग्रामसेवकांकडे.