ठाणे: सीसीटीव्ही-अलार्मच्या कामासोबत रात्रीचे वॉचमन पण द्यायचे तर लायसन लागतं का?

नौपाडा_फिटर:
नमस्कार मंडळी, नौपाड्यात माझं छोटं दुकान आहे, सीसीटीव्ही, बर्गलर अलार्म, व्हिडिओ डोअर फोन बसवतो, 14 पोरं कामाला आहेत. आता खारघरची एक सोसायटी म्हणतेय कॅमेरे, गेटवरचा हूटर म्हणजे भोंगा, गच्चीच्या दाराला सेन्सर आणि वर रात्रीचे दोन वॉचमन, सगळं एकाच माणसाकडून हवं आणि बिल पण एकच. माझ्या ओळखीत दोघं आहेत, एक तरुण आहे आणि दुसरे काका 67 वर्षांचे, पण अगदी प्रामाणिक. मार्केटमध्ये एक जण म्हणाला नवीन कायद्यात 20 च्या आत माणसं असतील तर आता काहीच लागत नाही, दुसरा म्हणतो पोलिसांकडून लायसन काढ. काम मोठं आहे, सोडवत नाही. पण माझ्या एका मित्राने असाच माणूस उभा केला होता, रात्री चोरट्यांनी त्याचं डोकं फोडलं आणि हॉस्पिटलचा खर्च कोणी द्यायचा यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसले, ते डोक्यातून जात नाही. नीट माहिती असलेल्यांनी सांगा प्लीज.

माजी_सुपरवायझर_वाशी:
भाऊ, तुम्हाला सांगणाऱ्याने दोन वेगळे कायदे एकत्र केलेत. 20 चा आकडा आहे तो दुकाने आणि आस्थापना कायद्याचा. 2017 चा कायदा 10 किंवा जास्त कामगारांना लागू होता, 2025 मध्ये राज्याने ते 20 केलं. तुमची 14 पोरं आहेत म्हणजे नोंदणीऐवजी आता फक्त सूचना द्यायची. त्याच बदलात रोजचे तास 9 वरून 10 केलेत, पण आठवड्याचे 48 तसेच आहेत.

वॉचमन द्यायचे झाले की विषयच बदलतो. त्याला खाजगी सुरक्षा एजन्सींचा 2005 चा केंद्राचा कायदा, आपण सगळे पसारा म्हणतो तो. कॅमेरा किंवा सेन्सर बसवून दिला तर ती सुरक्षा एजन्सी होत नाही, पण दुसऱ्याच्या जागेवर राखणीला तुमचा माणूस उभा केलात की तुम्ही एजन्सी झालात, मग दोन माणसं असोत की दोनशे. लायसनशिवाय केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 25,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. फी एका जिल्ह्याला 5,000, पाच जिल्ह्यांपर्यंत 10,000, अख्ख्या राज्याला 25,000, लायसन 5 वर्षांचं. आणि इथे आपल्याकडचे बरेच जण फसतात, खारघरला पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं असलं तरी जिल्हा रायगड आहे. नुसतं ठाणे जिल्ह्याचं लायसन काढलंत तर खारघरला चालणार नाही, लायसनमध्ये रायगड असायलाच हवं.

काकांचं मात्र राहू द्या, कायद्यात वय 18 ते 65 आहे. तरुण मुलाला पण पोलीस पडताळणी आणि ट्रेनिंग लागेल, 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष. माजी सैनिक असेल तर बरंच कमी.

ऐरोली_नाईट_शिफ्ट:
मी स्वतः अकरा वर्षं गेटवर उभा आहे म्हणून लिहितोय. सगळे लायसनचं बोलतात पण महाराष्ट्राचा स्वतःचा 1981 चा खाजगी सुरक्षा रक्षक कायदा आहे तो कोणाला आठवत नाही, बृहन्मुंबई आणि ठाण्याचं सुरक्षा रक्षक मंडळ त्याच्यातूनच आलं. मंडळाचा गार्ड घेतला की मालक पगार आणि वर लेव्ही म्हणजे जादा रक्कम मंडळाकडे भरतो आणि मंडळ गार्डला पगार देतं, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं त्यातून. मी आधी खाजगीकडे होतो, बारा तास ड्युटी, सुट्टी मागितली की बदली माणूस तूच आण म्हणायचे, पावसाळ्यात रेनकोटचे पैसे पण पगारातून कापले. मंडळात आल्यावर पहिल्यांदा पीएफचा नंबर हातात आला तेव्हा बायकोला फोन करून सांगितला होता. एजन्सीला या कायद्यातून सूट मिळते, पण तिच्या गार्डला मंडळापेक्षा कमी मिळत नसेल तरच. दादा, तुमच्या मित्राच्या माणसाचं जे झालं ना, ते कागदावर त्याचा मालकच नव्हता म्हणून झालं.

खारघर_कमिटी_मेंबर:
आमच्याकडे असंच पॅकेज घ्यायचं चाललं होतं, शेवटी दोन वेगळे करार केले. गार्डच्या एजन्सीकडून पसाराच्या लायसनची कॉपी घेतली आणि त्यावर रायगड आहे का ते आधी बघितलं. प्रत्येक गार्डचं फोटोवालं ओळखपत्र पण बघायचं, ते कायद्यानेच लागतं. दर महिन्याला पीएफचं चलन दाखवल्याशिवाय आमचा खजिनदार चेकवर सही करत नाही, एजन्सीवाले कुरकुरतात पण देतात.

फिटर भाऊ, कॅमेऱ्याचं पण बघा हं, 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीला केंद्राची सायबर सुरक्षेची टेस्टिंग सक्तीची आहे, आतली चिप कुठली ते पण कंपनीला सांगावं लागतं. आम्हाला एकाने गोडाऊनमधला जुना माल स्वस्तात लावायचा प्रयत्न केला होता, आम्ही सर्टिफिकेट मागितलं तर परत आलाच नाही.

नौपाडा_फिटर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ऐरोलीवाले दादा, तुमचं दोनदा वाचलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ताच फोन केला, कॅमेरे, हूटर, सेन्सर माझ्याकडून आणि वॉचमनचा करार सोसायटीने लायसनवाल्या एजन्सीशी वेगळा करायचा असं सांगितलं. एकच बिल हवं म्हणून जरा नाराज झाले पण विचार करतो म्हणालेत. काम गेलं तर गेलं. काकांना अजून सांगितलेलं नाही, ते गणवेशाचं माप देऊन बसलेत.

माजी_सुपरवायझर_वाशी:
काकांना दुकानात बसवा की, सर्व्हिसचे फोन घ्यायला आणि रजिस्टर लिहायला. तिथे 65 ची अट नाही.