पीईएम घटाचा रोध वाढतो आहे: दोष मेम्ब्रेनचा की टायटॅनियम फेल्टचा? (मदत हवी आहे)

नमस्कार. पाण्याचे विद्युत अपघटन करून हायड्रोजन मिळवणाऱ्या पीईएम घटावर (प्रोटॉन पार जाऊ देणारा पॉलिमरचा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, असलेला घट) आमचे काम चालू आहे. असे घट ज्यांनी स्वतः चालवले आहेत, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

घटाचे क्षेत्रफळ 25 चौ. सेंमी आणि तापमान 80 अंश सेल्सिअस आहे. मेम्ब्रेन नाफिऑन 117, उत्प्रेरक म्हणून धनाग्रावर इरिडियम ऑक्साइड आणि ऋणाग्रावर प्लॅटिनम, आणि धनाग्राच्या बाजूला लेप नसलेले टायटॅनियम फेल्ट (धातूच्या तंतूंचा सच्छिद्र थर) अशी रचना आहे. दर चौ. सेंमीला 1 अँपिअर प्रवाहासाठी सुरुवातीला 1.82 व्होल्ट लागत होते, आता 1.95 लागतात. उत्प्रेरक मंदावला म्हणावे, तर कमी प्रवाहावरही तशीच वाढ दिसायला हवी होती; पण 0.1 अँपिअरला व्होल्टेज जेमतेम 15 मिलिव्होल्टने वाढले आहे. उलट इम्पिडन्स मापनातला (प्रत्यावर्ती प्रवाह देऊन मोजलेला) उच्च वारंवारितेचा रोध 0.20 वरून 0.32 ओहम-चौ. सेंमी झाला आहे. म्हणजे वाढलेल्या 130 मिलिव्होल्टपैकी 120 निव्वळ रोधाचे आहेत.

हा रोध नेमका कुठे वाढला, हे ठरवता येत नाही. पाण्याच्या फेऱ्यात स्टेनलेस स्टीलचे काही सांधे आहेत, आणि गार करून मोजलेली पाण्याची वाहकता 0.1 वरून 0.9 मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी झाली आहे. लोहाचे आयन मेम्ब्रेनमधल्या, प्रोटॉन वाहून नेणाऱ्या सल्फोनिक गटांवर जाऊन बसले, तर प्रोटॉनची वाट अडते. दुसरीकडे, धनाग्राच्या विभवाला टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि स्पर्शरोध वाढतो. दोन्हींचा परिणाम मापनात सारखाच दिसतो.

घट न उघडता सौम्य सल्फ्युरिक आम्ल फिरवून मेम्ब्रेन पूर्ववत करता येईल का? नाफिऑन 212 या पातळ मेम्ब्रेनची जाडी सुमारे 51 मायक्रॉन असल्याने रोध कमी होईल हे खरे, पण कमी प्रवाहावर ऑक्सिजनमध्ये झिरपणारा हायड्रोजन 4 टक्क्यांच्या ज्वलनमर्यादेकडे सरकेल, म्हणून मूळ कारण कळल्याशिवाय मेम्ब्रेन बदलण्याची आमची तयारी नाही.

प्रतिसाद:

आपले मापन व्यवस्थित आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. सध्याच्या सांध्यांमधून आम्ल मुळीच फिरवू नका. ते स्टीलमधले लोह आणखी विरघळवून थेट मेम्ब्रेनवर आणून सोडेल. घट उघडण्याआधी दोन्ही बाजूंच्या पाण्याचे नमुने घेऊन लोह आणि फ्लोराइड तपासा. फ्लोराइड आढळले, तर प्रश्न केवळ रोधाचा राहत नाही: लोहाच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइडपासून मूलके (अतिशय क्रियाशील कण) तयार होऊन फ्लोरिनयुक्त मेम्ब्रेनच झिजू लागलेली असते.

त्यानंतर घट उघडून फेल्ट सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पट्ट्यांमध्ये ठराविक दाबाखाली धरा आणि त्याचा रोध नव्या फेल्टशी ताडून पाहा. मेम्ब्रेन वेगळी काढून 0.5 मोलर सल्फ्युरिक आम्लात ठेवा, शुद्ध पाण्याने नीट धुवा आणि नव्या फेल्टसह घट पुन्हा जोडा. रोध 0.20 च्या आसपास आला आणि जुन्या फेल्टचा रोधही नव्याइतकाच निघाला, तर दोष आयनांचा होता असे समजा. फेल्टचाच रोध वाढलेला असेल, तर प्लॅटिनमचा पातळ लेप दिलेले फेल्ट घ्यावे लागेल.

निष्कर्ष काहीही निघो, स्टीलचे सांधे काढून पीएफए (फ्लोरिनयुक्त प्लास्टिक) नळ्या लावा आणि फेऱ्यात पाण्यातले आयन काढून घेणारा मिश्र रेझिनचा स्तंभ बसवा. मात्र पाणी त्याआधी 60 अंशांच्या खाली गार करा, कारण त्यातले ऋणायन-विनिमय रेझिन जास्त तापमानाला टिकत नाही.