मदत हवी आहे: बाबांची गाडी बंद करावी की आधी चाचणी घ्यावी?

मंडळी, बाबा ७६ वर्षांचे. ५० वर्षं गाडी चालवतायत, एकही मोठा अपघात नाही, आणि हे ते दिवसातून दोनदा ऐकवतात. पण गेल्या महिन्यात मी त्यांच्या शेजारी बसले होते. समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज त्यांना आलाच नाही आणि त्यांनी वळण घेतलं. समोरच्याने ब्रेक मारला म्हणून वाचलो. बाबांच्या मते चूक त्याचीच!

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर ठीक आहे. पण मान पूर्ण वळत नाही, रात्री समोरचे दिवे डोळ्यांवर आले की चाचपडतात. झोपेची गोळी चालू आहे ती वेगळीच.

भाऊ म्हणतो, सरळ किल्ली काढून घे. मला ते पटत नाही. नुसत्या वयावरून कसं ठरवायचं? बेफाम चालवणारे तरुण काय कमी आहेत? जपानमध्ये ७५ नंतर परवान्याचं नूतनीकरण करताना स्मरणशक्ती तपासतात. ब्रिटनमध्ये ७० नंतर दर ३ वर्षांनी नूतनीकरण, पण तब्येतीची माहिती ज्याची त्याने द्यायची. म्हणजे बाबांसारख्यांनी ‘सगळं उत्तम’ लिहिलं की झालं! मला तरी प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणीच खरी वाटते.

कुणी घरच्या ज्येष्ठांची अशी चाचणी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याकडून करून घेतलीये का? डोळ्यांच्या डॉक्टरांशिवाय अजून कुणाला दाखवावं? आणि मुख्य म्हणजे हे बाबांसमोर काढायचं कसं? माझं ऐकत नाहीत, परक्याचं ऐकतील कदाचित.